डोळ्यात फूल का पडते?



व्याख्यानमालेत विद्वान माणसांनी बोलावे आणि आमच्यासारख्यांनी सतरंजीवर बसून ऐकावे, असा रिवाज आहे. आम्ही विद्वान नव्हे. सातवीनंतर आमची शाळा सुटली. पुढे जे काही शिकलो ते कामगारांचे अर्ज लिहिताना, तारखांना कोर्टाच्या ओसरीवर ताटकळताना आणि सार्वजनिक वाचनालयाच्या बाकावर शब्दकोश मांडीवर घेऊन शिकलो. तेव्हा असा मनुष्य बुबुळाच्या जखमेवर, आणि तीही उंदराच्या बुबुळाच्या जखमेवर बोलणार, हे वाचून कोणाला हसू आले असेल तर त्यात नवल नाही. परंतु या विषयाकडे आम्ही हौसेने वळलो नाही. एका कागदाने आम्हांला तिकडे वळवले. तो कागद कोणता, हे आधी सांगतो.

गोष्ट १९९० च्या सुमाराची आहे. जालन्याच्या एका लोखंडी सळ्यांच्या कारखान्यात आम्ही ग्राइंडरवर होतो. एकाच आठवड्यात दोघांच्या डोळ्यात लोखंडाचा कण उडाला. एक आम्ही, आणि दुसरा आमच्या वाटूरकडचाच एक सोबती. त्याला आम्ही भाऊ म्हणत असू. आमची पाळी दिवसाची होती. संध्याकाळी डॉक्टरांनी कण काढला, मलम दिले, आणि तिसऱ्या दिवशी आम्ही कामावर उभे होतो. भाऊची पाळी रात्रीची. मुकादम म्हणाला, "पाळी संपू दे, मग बघू." पाळी संपली तेव्हा दवाखाना उघडला नव्हता, म्हणून भाऊ गावी आला. गल्लीतल्या एका म्हाताऱ्या काकूने जिभेने कण काढला. दुकानातून कसलेसे थेंब आणले. त्याने लाली उतरली आणि सगळ्यांना बरे वाटले. चौथ्या दिवशी डोळ्यात पू झाला. पाच आठवडे उपचार चालले. डोळा वाचला, पण बुबुळाच्या मधोमध पांढरे फूल राहिले.

भरपाईचा अर्ज आम्हीच लिहिला होता. त्यावर उत्तर आले: दाखल्याप्रमाणे जखम पूर्णपणे भरलेली आहे, सबब कामगारास इजा शिल्लक नाही. तो कागद हातात घेऊन आम्ही बराच वेळ बसून राहिलो. कागदात खोटे काही नव्हते. जखम भरली होती. मग भाऊला दिसत का नव्हते? तेव्हा आम्हांला उत्तर देता आले नाही. पुढे अनेक वर्षे वाचत गेलो, भेटेल त्या डॉक्टराला विचारत गेलो, आणि ते उत्तर थोडेथोडे करून हाती आले. आज तेच आपल्यापुढे मांडायचे आहे.

प्रथम 'फूल' म्हणजे काय ते पाहू. मोतीबिंदू वेगळा आणि फूल वेगळे. मोतीबिंदू डोळ्याच्या आत, बाहुलीच्या मागच्या भिंगात होतो. फूल पडते ते अगदी पुढच्या काचेवर. आपण ज्याला बुबुळ म्हणतो त्याचा काळा-तपकिरी रंग हा खरे पाहता मागच्या पडद्याचा असतो. त्याच्यापुढे घड्याळाच्या काचेसारखी एक फुगीर, स्वच्छ काच बसवलेली असते. ती इतकी स्वच्छ असते की ती आहे हेच आपल्या ध्यानात येत नाही. शास्त्रीय ग्रंथांत तिला स्वच्छमंडल म्हणतात. आपण काच म्हणू.

ही काच पांढरी होण्याची जुनी कारणे अनेक होती. देवीच्या साथीत कित्येकांचे डोळे गेले. १९७५ नंतर या देशात देवीचा रोगी आढळला नाही. खुपऱ्यांनी डोळे जात. २०२४ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने भारतातून खुपऱ्यांचे सार्वजनिक संकट हटल्याचे मान्य केले. अ जीवनसत्त्वाच्या अभावी मुलांचे डोळे जात. त्यावर १९७० पासून सरकारने डोस देण्याची मोहीम चालवली. ही शत्रूंची पहिली फळी मागे हटली आहे. तरीही २०१५ ते २०१९ या काळात झालेल्या राष्ट्रीय पाहणीत असे दिसले की, पन्नाशीच्या आतल्या अंध माणसांत काच पांढरी होणे हेच पहिल्या क्रमांकाचे कारण आहे. शंभरांत सुमारे ३७ जणांचे. आणि या काचेला आमच्या भागात इजा कशाने होते हे सांगायला पाहणीची गरज नाही. ज्वारीचे कुसळ, तुरीची काडी, वाळलेल्या पऱ्हाटीचे टोक, उसाचे पाते, मळणीयंत्रातून उडणारा भुसा, फाट्यावरच्या दुकानातली वेल्डिंगची ठिणगी, ग्राइंडरचा कण, चुन्याचा शिंतोडा. पन्नाशीच्या आतला म्हणजे कमावता माणूस, हेही लक्षात घ्यावे.

आता काच कशाची बनली आहे ते पाहू. माणसाच्या डोळ्यातली ही काच मधोमध अवघी अर्धा मिलिमीटर जाड असते. तिच्यावर पेशींची एक पातळ साल असते. सालीखाली एक अतिशय तलम अस्तर असते, त्याला आधारपटल म्हणतात. या अस्तराचे नाव कृपा करून लक्षात ठेवा, कारण पुढे सगळा खटला त्याच्यावरच चालायचा आहे. अस्तराखाली काचेचा मुख्य गाभा असतो, जाडीचा सुमारे नऊ-दशांश भाग. आणि सर्वांत आत पेशींचा एक थर असतो, जो काचेतले जादा पाणी सतत बाहेर काढत असतो. या काचेत रक्तवाहिनी एकही नाही.

हा गाभा कोलॅजेन नावाच्या पदार्थाच्या तंतूंचा विणलेला आहे. नाव परके असले तरी वस्तू आपल्या ओळखीची आहे. सुतार जो सरस वापरतात तो कातडी आणि हाडे उकळून काढतात, आणि ते उकळल्यावर जे विरघळते ते कोलॅजेनच. ग्रीक भाषेत या नावाचा अर्थही 'सरस देणारा' असाच आहे. आपले कातडे, हाडे, स्नायूंचे बंध, सगळे यावरच उभे आहे. या पदार्थाचा रेणू कसा असतो, हे कोडे जगभरचे शास्त्रज्ञ सोडवत होते, तेव्हा १९५४ मध्ये मद्रास विद्यापीठात जी. एन. रामचंद्रन आणि गोपीनाथ कार्था यांनी तीन पदरांची गुंफण सुचवली. तीन पेडांचा दोर वळलेला आपण सगळ्यांनी पाहिला आहे. कोलॅजेनचा रेणू हा तसा तीन पेडांचा दोर आहे. ही गोष्ट आपल्या देशात, मोजक्या साधनांनी शोधली गेली, याचा आम्हांला फार आनंद वाटतो.

आता खरा प्रश्न येतो. कातडे कोलॅजेनचे, ते पारदर्शक नाही. डोळ्याचा पांढरा भागही कोलॅजेनचाच. त्यातूनही आरपार दिसत नाही. मग त्याच पदार्थाची काच मात्र स्वच्छ कशी? फरक विणीत आहे. डोळ्याच्या पांढऱ्या भागात तंतू जाडेभरडे, लहानमोठे, कसेही गुंतलेले असतात. काचेत मात्र प्रत्येक तंतू जवळजवळ सारख्या जाडीचा असतो. इतका बारीक की एका केसाच्या रुंदीत असे दोन हजारांहून अधिक तंतू शेजारी शेजारी मावतील. दोन तंतूंमधले अंतरही जवळपास सारखेच. हे तंतू थराथरांनी रचलेले असतात. एका थरात उभे, तर पुढच्यात आडवे, असे दोनशेहून अधिक थर. पैठणच्या मागावर ताणा आणि बाणा पाहिला असेल तर ही रचना डोळ्यांपुढे येईल.

या विणीमुळे काच स्वच्छ कशी होते, हे इंग्लंडमधील डेव्हिड मॉरिस यांनी १९५७ मध्ये उलगडून दाखवले. प्रत्येक तंतू आपल्यावर पडलेला थोडा प्रकाश इकडेतिकडे विखुरतो. पण तंतू नेमके आणि प्रकाशाच्या लहरीपेक्षा पुष्कळ जवळ जवळ रचलेले असल्यामुळे बाजूला विखुरलेल्या लहरी एकमेकींना मारून टाकतात, आणि सरळ जाणाऱ्या तेवढ्या शिल्लक राहतात. पुढच्या संशोधकांनी यात भर घातली की, रचना अगदी काटेकोर नसली तरी चालते. मात्र मधल्या फटी प्रकाशलहरीच्या मापाच्या होऊ लागल्या की काच धुरकट होते. थोडक्यात, पदार्थ तोच, रचना नीट असली तर खिडकी, आणि बिघडली तर भिंत.

असे असेल तर जखम झाल्यावर शरीर त्या जागी पुन्हा कोलॅजेन भरते, तेव्हा ते कोणत्या विणीने भरते, यावर सगळे अवलंबून आहे. हे पाहायचे तर जखम होण्याआधीपासून ती भरेपर्यंत तासातासाला आत डोकवावे लागेल. जिवंत माणसाच्या डोळ्याचे काप काढता येत नाहीत. म्हणून शास्त्रज्ञ उंदराकडे गेले.

उंदीरच का? एक तर कोलॅजेन बनवण्याची जनुके त्याच्यात आणि आपल्यात फार मिळतीजुळती आहेत. दुसरे, त्याचे आयुष्य दोन-तीन वर्षांचे, त्यामुळे जखम भरण्याचा सगळा क्रम लवकर पाहता येतो. तिसरे, त्याचे एखादे जनुक काढून टाकून पुढे काय बिघडते हे पाहण्याची युक्ती साधली आहे. मात्र उंदीर म्हणजे लहान माणूस नव्हे. त्याची काच आपल्या काचेच्या सुमारे पाचव्या हिश्शाइतकीच जाड असते आणि तिच्या थरांतही थोडा फरक आहे. तेव्हा उंदरात दिसले ते जसेच्या तसे माणसाला लावू नये. त्या मुक्या जिवाला भूल देऊन हे प्रयोग करतात, नियमही आहेत. तरी आपल्या डोळ्यांसाठी त्याचे डोळे जातात याची जाण आपण ठेवावी.

आणखी एक शब्द समजून घेऊ. संशोधक म्हणतात, अमुक दिवशी अमुक कोलॅजेनच्या जनुकाची 'अभिव्यक्ती' वाढली. शब्द जड आहे, अर्थ सोपा आहे. घरात पाकशास्त्राचे पुस्तक आहे म्हणून रोज श्रीखंड होत नाही. पुस्तकातले पान उघडावे लागते आणि जिन्नस मांडून पदार्थ करावा लागतो. प्रत्येक पेशीत सगळे पुस्तक असते. पण कोणत्या वेळी कोणते पान उघडले, ही अभिव्यक्ती. ते ओळखायलाही युक्ती आहे. डोळ्याचा तलम काप घेऊन त्यावर असे द्रव्य सोडतात की जे विशिष्ट कोलॅजेनलाच चिकटते आणि विशिष्ट प्रकाशात चमकते. जिथे चमकले तिथे ते कोलॅजेन आहे. पेशीतले निरोप मोजूनही कोणते पान उघडे आहे ते कळते. आणि कोलॅजेन एकाच जातीचे नसते. त्याच्या अठ्ठावीस जाती मोजल्या आहेत. निरोगी काचेच्या गाभ्यात मुख्यतः पहिल्या जातीचे असते, त्यात थोडे पाचव्या जातीचे मिसळलेले. हे पाचवे तंतूला जाड होऊ देत नाही. सालीखालच्या अस्तरात चौथ्या जातीचे असते. तिसऱ्या जातीचे मात्र प्रौढ, निरोगी काचेत फारच थोडे.

आता दोन उंदरांची कल्पना करा. पहिल्याची फक्त वरची साल खरवडली. अस्तर शाबूत ठेवले. कडेच्या पेशी सरकत सरकत येऊन एक-दोन दिवसांत जागा झाकून टाकतात. त्यांची भरती काळ्या-पांढऱ्याच्या सीमेवरून होते. तिथे साल नव्याने घडवणाऱ्या मूळ पेशींचे ठाणे आहे. काही दिवसांनी पाहिले तर जखम कुठे होती ते सापडत नाही. कारखान्यात आमच्या स्वतःच्या डोळ्याचे झाले ते साधारण असेच.

दुसऱ्या उंदराची जखम अस्तर फाडून गाभ्यात गेली. आता क्रम बदलतो. गाभ्यात एरवी काही विणकर पेशी विखुरलेल्या असतात. निरोगी डोळ्यात त्या जवळजवळ निवांत असतात. वीण झालेली आहे, मोडतोड नाही, काम थोडे. जखम होताच तिच्या खालच्या विणकर पेशी काही तासांत मरतात. आजूबाजूच्या जाग्या होतात, संख्येने वाढतात आणि जखमेकडे सरकतात. वरच्या सालीतून आणि अश्रूंतून एक रासायनिक हुकूम सुटतो. त्याचे नाव टीजीएफ-बीटा. अस्तर शाबूत असते तर हा हुकूम वरच अडला असता. अस्तर फाटल्यामुळे तो खाली झिरपतो, आणि त्या हुकमाखाली एक-दोन आठवड्यांत विणकर पेशींचे रूपच पालटते. त्या अर्ध्या स्नायूसारख्या होतात, जखमेच्या कडा ओढून धरतात आणि भराभर कोलॅजेन ओतू लागतात. पहिल्या जातीचे पान जोराने उघडते. एरवी न दिसणारे तिसऱ्या जातीचेही चमकू लागते. हे नवे तंतू सारख्या जाडीचे नसतात, सारख्या अंतरावर नसतात, थरांत बसत नाहीत. शिवाय या पालटलेल्या पेशींची शरीरे स्वतःच अपारदर्शक असतात. या दोन्ही कारणांनी ती जागा पांढरी दिसते. श्रोतेहो, फूल म्हणतात ते हे. ते बाहेरून आलेले नाही आणि आत साचलेली घाणही नाही. आपल्याच शरीराने, आपल्याच धाग्याने घाईघाईने मारलेले ते ठिगळ आहे.

शिंपी आणि रफूगार या दोघांत जो फरक, तोच इथे आहे. रफूगार फाटक्या जागी मूळच्या विणीतला एकेक धागा भरतो. फाटले होते हे कळत नाही. शिंपी ठिगळ लावतो. कापड टिकते, पण ठिगळ दिसते. शरीराला दोष देण्याचे कारण नाही. खोल जखमेत डोळा फुटून आतला द्रव वाहून जाण्याचे भय असते. तिथे आधी भोक बुजवणे हेच शहाणपण. अंगावर इतरत्र असे ठिगळ पडले तर आपले काही अडत नाही. ते बरोबर खिडकीवर पडते, हा आपला दुर्दैवाचा भाग.

रफू होण्यासाठी नुसते कोलॅजेन पुरत नाही, हेही उंदरानेच शिकवले. तंतूंना योग्य जाडीवर थोपवणारे आणि अंतरावर ठेवणारे काही मदतनीस पदार्थ असतात. त्यांपैकी एक ल्युमिकन. १९९८ मध्ये अमेरिकेत शुक्ति चक्रवर्ती आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ल्युमिकनचे जनुक काढलेल्या उंदरांची हकिगत प्रसिद्ध केली. त्या उंदरांत कोलॅजेन होते, पण तंतू जाडजूड आणि वेडेवाकडे झाले, काच हळूहळू धुरकट झाली, आणि कातडे नाजूक होऊन फाटू लागले. माल असून मुकादम नसला म्हणजे असे होते. मुकादमाबद्दल आम्ही चांगले बोलतो आहोत याची सभेने नोंद घ्यावी.

ठिगळ कायमचे असते काय? नेहमीच नाही. सालीखालचे अस्तर जर लवकर पुन्हा नीट तयार झाले, तर वरून येणारा हुकूम अडतो. हुकूम थांबला की पालटलेल्या पेशी मरून जातात, निवांत विणकर परत येतात, आणि काही महिन्यांत वेडीवाकडी वीण बरीच उसवून पुन्हा बसवतात. म्हणूनच काहींचे फिकट फूल महिन्यांनी विरळ होते. पण अस्तर नीट न जुळले किंवा जखम फार खोल असली, तर हुकूम चालूच राहतो आणि ठिगळ पक्के होते.

यापुढची गोष्ट आपल्या शेजारची आहे. मराठवाडा १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होता, आणि परतूरच्या स्टेशनावरून जाणारी रेल्वे आजही मनमाडहून हैदराबादकडेच जाते. म्हणून आमच्याकडची माणसे डोळ्यांसाठी हैदराबादला जातात यात नवे काही नाही. तिथल्या एल. व्ही. प्रसाद नेत्रसंस्थेतील सायन बसू आणि अमेरिकेतील पिट्सबर्ग येथील संशोधक यांनी मिळून २०१४ मध्ये एक काम प्रसिद्ध केले. माणसाच्या डोळ्याच्या काळ्या-पांढऱ्या सीमेवरून त्यांनी अगदी लहान तुकडा घेतला, त्यातल्या गाभ्याच्या मूळ पेशी वाढवल्या आणि त्या उंदराच्या ताज्या खोल जखमेवर ठेवल्या. ज्या उंदरांना या पेशी मिळाल्या, त्यांच्या काचेत ठिगळ पडले नाही. वीण मूळच्यासारखी भरली आणि काच स्वच्छ राहिली. आपल्या डोळ्यातच रफूगार बसलेला आहे, त्याला वेळेवर कामाला लावण्याचा प्रश्न आहे, असा याचा अर्थ. तरी उंदराबद्दल आधी दिलेला इशारा इथेही लागू आहे. या बातमीवर विसंबून आज कोणी डोळ्याची हेळसांड करू नये.

आता भाऊकडे परत येऊ. त्याचा आणि आमचा कण सारखाच होता. मग आमच्या डोळ्यात रफू आणि त्याच्या डोळ्यात ठिगळ का? कण जिभेने काढताना तोंडातले जंतू जखमेत गेले असतील, किंवा आधीच काही शिरले असेल. जंतू किंवा बुरशी वाढू लागली की ती स्वतः, आणि तिच्याशी लढायला आलेल्या आपल्या पांढऱ्या पेशीही, असे रस सोडतात की ज्यांनी कोलॅजेन विरघळते. सालीवरचा ओरखडा अस्तर फोडून गाभ्यात उतरतो. शेतातल्या काडीकुसळाबरोबर बुरशी येते, हे आपल्या देशातल्या डॉक्टरांना नित्य दिसते. दुकानातल्या काही थेंबांत स्टेरॉइड असते. त्याने लाली उतरते, ठणका कमी होतो, पण बुरशीला मोकळे रान मिळते. वरवर आराम आणि आत नासाडी.

म्हणजे पहिल्या दिवशी ओरखडा असतो. तो खोल जाऊ द्यायचा की नाही, हे पुढच्या काही तासांत ठरते. हा आमचा तर्क नव्हे. नेपाळमध्ये भक्तपूर जिल्ह्यात खेड्यांतील स्वयंसेवकांना एक साधे काम शिकवले: डोळ्याला ओरखडा आलेला माणूस आला की तपासायचे आणि क्लोरॅम्फेनिकॉलचे मलम तीन दिवस द्यायचे. या कामाचा अहवाल २००१ मध्ये प्रसिद्ध झाला. ओरखड्याचे ४४२ रोगी होते. अठरा तासांच्या आत २८४ जण आले. त्यांतल्या एकाचाही डोळा चिघळला नाही. अठरा ते चोवीस तासांत १०९ आले, चौघांचा चिघळला. चोवीस ते अठ्ठेचाळीस तासांत ४९ आले. चौदा जणांचा चिघळला. मलम तेच, माणसे त्याच भागातली, फरक तासांचा. भाऊ चौथ्या दिवशी पोहोचला होता. "पाळी संपू दे" या तीन शब्दांची किंमत आम्हांला हे आकडे वाचल्यावर कळली.

तेव्हा डोळ्यात काही गेले तर चोळू नये. स्वच्छ पाण्याने धुवावे. रुतलेला कण जिभेने, पदराने किंवा काडीने काढू नये. तूप, मध, एरंडेल, अंगावरचे दूध यांपैकी काही घालू नये. स्वतःच्या बुद्धीने थेंब आणू नयेत. त्याच दिवशी डॉक्टरांकडे जावे. ते एक पिवळा रंग टाकून निळ्या प्रकाशात पाहतात, आणि साल जिथे गेली असेल ती जागा हिरवी चमकते. त्याला दोन मिनिटे लागतात. आपल्या जिल्ह्यात जालन्याला श्री गणपती नेत्रालयासारखे डोळ्यांचे रुग्णालय आहे. संभाजीनगरला घाटीचे सरकारी रुग्णालय आहे. चुना गेला तर मात्र डॉक्टर शोधण्याआधी धुवायला लागावे, आणि निदान अर्धा तास धूत राहावे, कारण चुना सालीवर थांबत नाही, थेट गाभ्यात उतरतो. तंबाखूच्या चुन्याची डबी, पुडी मुलांच्या हाती पडू देऊ नये.

चुन्यावरून एक आठवण सांगतो. एका माणसाची काच दुसऱ्याला बसवण्याची पहिली यशस्वी शस्त्रक्रिया ७ डिसेंबर १९०५ रोजी युरोपात ऑलोमोउत्स गावी डॉ. एडुआर्ड झिर्म यांनी केली. ती कोणा राजाच्या डोळ्यावर झाली नाही. आलोइस ग्लोगार नावाच्या मजुराचे दोन्ही डोळे चुन्याने भाजले होते, त्याच्यावर झाली. काच मिळाली ती एका अकरा वर्षांच्या मुलाच्या, लोखंडाचा तुकडा घुसल्याने काढाव्या लागलेल्या डोळ्यातून. ग्लोगारच्या एका डोळ्यातली काच स्वच्छ राहिली आणि तो पुन्हा कामाला लागला. पक्के ठिगळ पडलेल्या डोळ्याला आजही मुख्य उपाय हाच आहे, आणि ती काच मेलेल्या माणसाच्या डोळ्यातूनच मिळते. आपल्याकडे यासाठी मुंबई राज्याने १९५७ मध्येच कायदा केला होता. मृत्यूनंतर सहा तासांच्या आत डोळे द्यावे लागतात. तोवर पापण्या मिटून वर ओला कापूस ठेवावा आणि पंखा बंद करावा. घरात दुःख असते, कोणाला सुचत नाही; म्हणून आधीच बोलून ठेवावे.

कायद्याचे दोन शब्द बोललो नाही तर आमच्या संघटनेचे लोक आम्हांला घरी जाऊ देणार नाहीत. १९२३ च्या नुकसानभरपाई कायद्याच्या परिशिष्टात, एक डोळा गेला आणि दुसरा चांगला असला तर कमाईच्या शक्तीची हानी ४० टक्के धरली होती. बुबुळ जागेवर असून नुसती दृष्टी गेली तर ३० टक्के. म्हणजे कायदा लिहिणाऱ्यांनाही ठाऊक होते की डोळा जागेवर असून दृष्टी जाऊ शकते. १९४८ च्या कारखाना कायद्याच्या ३५ व्या कलमाने कण उडणाऱ्या कामावर आडपडदा किंवा योग्य चष्मा पुरवण्याचे बंधन मालकावर घातले. आता जुन्या कायद्यांच्या जागी संहिता आल्या आहेत. पण कलमाचा आकडा बदलला म्हणून कणाचा वेग बदलत नाही. चष्मा मागावा, मिळाल्यावर घालावाही. घाम येतो म्हणून तो कपाळावर चढवणारे आमचे बांधव आम्हांला चांगले माहीत आहेत. मळणीयंत्रावरच्या मजुराला तर कारखान्याचा कायदा लागूच नव्हता. तिथे शेतमालकानेच चार चष्मे आणून ठेवले तर काही मोठा खर्च नाही.

भाऊला शेवटी तडजोडीत थोडी रक्कम मिळाली. त्याने कारखाना सोडला, गावी म्हशी घेतल्या. परवा वाटूर फाट्यावर भेटला तेव्हा त्याने आम्हांला आवाजावरून ओळखले. आम्ही त्याच्या फुलाच्या बाजूला उभे होतो. व्याख्यान कशावर आहे ते आम्ही सांगितले. तो म्हणाला, "दादा, तेवढं त्या कागदाचं उत्तर सांगा लोकांना."

ते उत्तर असे. "जखम भरली आहे" हे वाक्य बरोबर आहे, पण अपुरे आहे. कशाने भरली आणि कोणत्या विणीने भरली, हेही त्या दाखल्यात लिहायला हवे होते. भाऊचा डोळा आहे त्याच धाग्याने भरला, पण ठिगळाने भरला, आणि ठिगळातून दिसत नाही. ती इजा शिल्लक आहे. आमच्यापाशी तेव्हा हे चार शब्द नव्हते. आता ते आपल्या सर्वांपाशी आहेत. असा कागद पुन्हा कोणाच्या हाती पडला तर ते वापरावेत. आणि कागद येण्याची वेळच येऊ नये म्हणून, शेतात असो की कारखान्यात, पाळी संपण्याची वाट न पाहता माणसाला त्याच दिवशी दवाखान्यात न्यावे, एवढीच विनंती करून आम्ही आपली रजा घेतो.